१८४४६७४४०७३७०९५५१६१५: बुद्धिबळाच्या पटावरच्या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस अंकांची ही एकच संख्या मुलं, पालक आणि संगणकवाले मला सारखी विचारत असतात. कुणाला ती गोष्टीत भेटलेली असते, कुणाला मोबाइलच्या पडद्यावर. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. सोपे प्रश्न आधी आहेत, चकवणारे नंतर.

१. ही संख्या आली कुठून?

गोष्ट बहुतेकांना माहीत असते. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्याला राजा म्हणतो, माग काय हवं ते. तो म्हणतो, पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत द्या. राजा हसतो आणि मग कोठारवाला हिशेब घेऊन येतो. त्या सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजे ही संख्या.

गोष्ट घडते भारतात, पण लिहिलेली सापडते ती अरबी ग्रंथांत. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानच्या चरित्रकोशात ती आहे आणि शोधकर्त्याचं नाव तिथे सिस्सा असं दिलं आहे. त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल-बिरुनीनं या बेरजेचं गणित मांडलं होतं. राजा कोण, खेळ कुठला, दाणे गव्हाचे की तांदळाचे, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. उत्तर मात्र बदलत नाही.

२. मराठीत ही संख्या वाचायची कशी?

आधी आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम द्या: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

कोटीच्या पुढे वर्तमानपत्रं ‘लाख कोटी’वर भागवतात, तसंच इथेही करता येतं: १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी, ४४ लाख ७ हजार ३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५. ‘कोटी कोटी’ ऐकायला आरतीतलं वाटतं, पण हिशेब चोख आहे.

जुनी नावं वापरायची तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या मग अशी होते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५. निखर्वाच्या जागी शून्य आहे, म्हणून त्याचं नाव आलं नाही. अठरा स्थानांची यादीही इथे दोन घरं कमी पडते, म्हणून सुरुवातीला ‘१८४’ एकत्र घ्यावे लागले.

३. चौसष्ट घरांची बेरीज आणि ‘२^६४ मधून एक वजा’ हे एकच कसं?

(इथून पुढे २^६४ म्हणजे २ चा ६४वा घात.)

भूमितीय श्रेढीचं सूत्र बाजूला ठेवा आणि एक दाणा शेजाऱ्याकडून उसना आणा. तो पहिल्या घरातल्या दाण्याशेजारी ठेवला की तिथे दोन झाले. ते दोन उचलून दुसऱ्या घरात टाकले की तिथे चार झाले. ते तिसऱ्यात टाकले की आठ. शेवटी चौसष्टाव्या घरात त्याच्या मूळ दाण्यांच्या दुप्पट दाणे जमतात आणि बाकी पट रिकामा. चौसष्टाव्या घरात आधी २^६३ होते, म्हणजे आता २^६४ झाले. उसना दाणा परत करा. उरले २^६४ − १.

वर्गात हे तांदळाचे दाणे घेऊन चार घरांपर्यंत करून दाखवतो तेव्हा सूत्रावर विश्वास न ठेवणारी मुलंसुद्धा मान डोलावतात. यातूनच दुसरी गोष्ट कळते. कुठल्याही घरात त्याच्या आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा बरोबर एक दाणा जास्त असतो.

४. कॅल्क्युलेटर नसेल तर ६४ वेळा दुप्पट करत बसायचं का?

नाही. सहा वेळा वर्ग करा.

२ चा वर्ग ४. त्याचा वर्ग १६. मग २५६. मग ६५५३६. मग ४२९४९६७२९६. आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शेवटचा वर्ग करताना अर्धं पान लागतं, पण चौसष्ट ओळींपेक्षा ते बरं. मग एक वजा करा.

घात समसंख्या असेल तर अर्धा करून ‘वर्ग’ लिहायचा, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहायचं, आणि शून्यापर्यंत पोचल्यावर यादी उलटी चालवत यायची. ही युक्ती ‘लीलावती’त श्लोकातच दिलेली आहे. आजचे संगणकही मोठे घात काढताना याच वळणानं जातात.

५. भास्कराचार्यांनी पटाचं हे गणित दिलंय का?

पटाचं नाही, कवड्यांचं दिलं आहे, आणि मला ते पटापेक्षा जास्त आवडतं.

‘लीलावती’ (इ.स. ११५०) मधलं उदाहरण असं: एका दात्यानं पहिल्या दिवशी याचकांना दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचं वचन दिलं. महिनाभरात किती निष्क दिले? महिना तीस दिवसांचा. बेरीज दोनापासून सुरू होते, म्हणून उत्तर २^३१ − २, म्हणजे २१४७४८३६४६ कवड्या.

आता नाण्यांचं कोष्टक लावा. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. एका निष्काच्या २०,४८० कवड्या होतात. भागाकार केला की १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या. लाखभर सुवर्णमुद्रांच्या हिशेबात सहा कवड्यांची खबर ठेवणारा माणूस! करून पाहा, एकही कवडी इकडची तिकडे होत नाही.

गंमत पुढे आहे. जुन्या धाटणीचे संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा) मोजतात आणि त्यांचा आकडा जास्तीत जास्त २१४७४८३६४७ पर्यंत जातो. तो क्षण म्हणजे १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ‘२०३८ची अडचण’ म्हणतात ती हीच. भास्कराचार्यांची कवड्यांची संख्या त्याच्या बरोबर एक सेकंद अलीकडे, ८:४४:०६ वर येते. योगायोग नाही, दोन्हीकडे २ चा ३१वा घातच आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवानं मठ काढल्याचा शिलालेख आहे. तिकडे गेलात तर ही कवड्यांची बेरीज खिशात असू द्या.

६. एवढे दाणे म्हणजे किती तांदूळ?

घरच्या काट्यावर दहा ग्रॅम कोलम तोलून ताटात पसरला आणि मोजला. पहिल्यांदा ५८४ दाणे भरले, दुसऱ्यांदा ६०३. चुरी बाजूला काढली होती. सोयीसाठी ग्रॅमला ६० दाणे धरू. मग पटावरचा तांदूळ सुमारे ३०,७०० कोटी टन होतो. जगात वर्षाला साधारण ५२ कोटी टन तांदूळ होतो. म्हणजे साऱ्या जगानं एकही घास न खाता जवळजवळ सहाशे वर्षांचं पीक पटावर आणून ओतायचं. तुमच्याकडचा तांदूळ जाड असेल तर वर्षं वाढतील, कारण दाणा जड.

७. शेवटी ५ आहे म्हणजे ५ नं भाग जाणार. आणखी कशाकशानं जातो?

मूळ अवयव सात आहेत: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७.

हे शोधायला भागाकार लागतच नाहीत, आठवी-नववीतलं अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) पुरतं. २^६४ हा २^३२ चा वर्ग आहे, म्हणून

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १).

दुसऱ्या कंसावर तेच सूत्र पुन्हा लावा: (२^१६ + १)(२^१६ − १). मग पुन्हा, आणि पुन्हा. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे कंस सुटतात आणि हातात उरतं:

(२^३२ + १) × ६५५३७ × २५७ × १७ × ५ × ३ × १.

शेवटचा १ सोडला तर ६५५३७ पासून ३ पर्यंतचे पाचही मूळ आहेत. पहिला कंस, ४२९४९६७२९७, तेवढा अडतो. तो कसा फुटतो ते प्रश्न ८ मध्ये.

कुठलाही अवयव दोनदा आलेला नाही. त्यामुळे एकूण विभाजक मोजणं सोपं आहे. प्रत्येक अवयव घ्यायचा की नाही असे सात निर्णय, म्हणजे २^७ = १२८ विभाजक. पटाच्या घरांच्या बरोबर दुप्पट, पण यात काही गूढ शोधू नका.

८. बाकीचे बहुतेक दोनाच्या घातापेक्षा एकनं मोठे. मग ६४१ मध्येच कुठून आला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देतो.

३, ५, १७, २५७, ६५५३७ या फर्माच्या संख्या: २ चा घात अधिक एक, आणि घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जाणारा. पुढची, ४२९४९६७२९७, हीसुद्धा मूळ असणार असं सतराव्या शतकात फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरनं दाखवलं की ६४१ × ६७००४१७ म्हणजे हीच संख्या.

त्यानं अंदाधुंद भागाकार केले नाहीत. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४च्या पटीपेक्षा एकनं मोठा असला पाहिजे, हे सिद्ध करता येतं. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या फटक्यात काम झालं.

भागाकार न करता खात्री करून घ्यायची असेल तर ६४१ दोन तऱ्हांनी लिहा. एक: ६४१ = ५ × १२८ + १. दुसरी: ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिलीवरून ५ × २^७ ला ६४१ नं भागल्यावर बाकी ‘उणे एक’. चौथा घात करा, ५^४ × २^२८ ची बाकी एक. दुसरीवरून ५^४ च्या जागी ‘उणे २^४’ चालतं. तर उणे २^३२ ची बाकी एक, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ नं पूर्ण भाग जातो. चार ओळींत काम संपलं.

९. ही मूळ संख्या असेल असं वाटलं होतं. २ चा घात वजा एक, अशा संख्या मूळ असतात ना?

असू शकतात, पण घातांक स्वतः मूळ असेल तरच. ६४ मूळ नाही, म्हणून इथे प्रश्नच मिटला. घातांक मूळ असूनही खात्री नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २^६७ − १ मूळ नाही हे ल्युकानं १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव हाती लागायला १९०३ उजाडलं, ते कोलनं काढले.

पटावरच बोलायचं तर पहिल्या ६१ घरांची बेरीज, २३०५८४३००९२१३६९३९५१, ही मूळ आहे. ते पेर्वुशिननं १८८३ मध्ये दाखवलं. तिथून पुढची अशी मूळ बेरीज थेट ८९ घरांना येते, म्हणजे पट संपल्यावर.

आपल्या संख्येच्या सगळ्यात जवळच्या मूळ संख्या हव्या असतील तर खाली १८४४६७४४०७३७०९५५१५५७ आणि वर १८४४६७४४०७३७०९५५१६२९.

१०. ७, ११, १३ नं भागलं तर बाकी किती? एवढा मोठा भागाकार कोण करणार?

कुणीच नाही. ७ साठी: २^३ = ८, बाकी १. ६४ मध्ये ३ एकवीस वेळा बसतो आणि १ उरतो, म्हणून २^६४ ची बाकी २. एक वजा, उत्तर १. ११ साठी २^१० ची बाकी १, घातांकात ४ उरतात, २^४ = १६, बाकी ५, एक वजा, उत्तर ४. १३ साठी २^१२ ची बाकी १, पुन्हा ४ उरतात, १६ ची बाकी ३, उत्तर २.

९ साठी अंकांची बेरीज करा. ती ८७ येते. ८७ ला ३ नं भाग जातो, ९ नं जात नाही, बाकी ६ उरते. हे ६ लक्षात ठेवा, प्रश्न १२ मध्ये त्याचं काम आहे.

११. ही पूर्ण वर्ग आहे का? दोन वर्गांची बेरीज? त्रिकोणी संख्या?

पूर्ण वर्ग नाही. ती ४२९४९६७२९६ च्या वर्गापेक्षा एकनं कमी आहे, एका दाण्यानं हुकली.

वर्गांची बेरीज म्हणाल तर या बाबतीत ही संख्या फारच हट्टी निघते. तिला ८ नं भागलं की बाकी ७ उरते. अशा संख्या दोन वर्गांच्या बेरजेत बसत नाहीत, तीन वर्गांच्याही बसत नाहीत. तांदूळ चौकोनी ताटांत मांडायचे ठरवले, प्रत्येक ताटात बाजू समान, तर कमीत कमी चार ताटं लागतील. चार मात्र पुरतातच, कुठल्याही संख्येला पुरतात, हे लाग्रांजनं १७७० मध्ये सिद्ध केलं.

त्रिकोणी संख्या म्हणजे १, ३, ६, १०, १५ अशा उतरंडीच्या. संख्येची आठपट करून एक मिळवला आणि पूर्ण वर्ग आला तर ती त्रिकोणी. आपल्यासाठी तो वर्ग २^६७ − ७ असायला हवा. ‘२ चा घात वजा ७’ कधी कधी पूर्ण वर्ग होतो? हा प्रश्न रामानुजननं १९१३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला होता. (या संस्थेचं ग्रंथालय तेव्हा पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात असे.) घातांक ३, ४, ५, ७ आणि १५ ही उत्तरं त्यानं दिली आणि आणखी आहेत का असं विचारलं. आणखी नाहीत, हे नागेलनं १९४८ मध्ये सिद्ध केलं. ६७ त्या यादीत नाही, विषय संपला. पटावर १, २, ४ किंवा १२ घरं भरून थांबलात तरच त्रिकोण जमतो. बारा घरांचे ४०९५ दाणे ९० ओळींच्या त्रिकोणात अचूक बसतात, पण त्या पुढे कितीही घरं भरली तरी कधीच नाही.

१२. ही कापरेकर संख्या आहे का? किंवा हर्षद?

महाराष्ट्रातून हा प्रश्न येणारच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) जन्मले डहाणूला आणि देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. संख्यांशी खेळण्यापलीकडे त्यांचा काही दावा नव्हता, आणि आज त्यांचं नाव जगभरच्या पुस्तकांत आहे.

कापरेकर संख्या: वर्ग करा, त्याचे दोन तुकडे करा, तुकड्यांची बेरीज मूळ संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आता आपल्या संख्येचा वर्ग एकोणचाळीस अंकी येईल, तो करत बसू नका. तुकडे कुठेही केले तरी ‘वर्ग वजा संख्या’ ही ९, ९९, ९९९ अशा कुठल्या तरी नऊंच्या संख्येची पट असते, म्हणजे तिला ९ नं भाग जातो. वर्ग वजा संख्या म्हणजे ती संख्या गुणिले तिच्या अलीकडची. शेजारच्या दोन संख्यांत समान अवयव नसतो, म्हणून ९ पूर्णच्या पूर्ण एकीत तरी असला पाहिजे. थोडक्यात, कापरेकर संख्येला ९ नं भागून बाकी ० किंवा १ च. आपली बाकी ६. नाही म्हणजे नाही.

हर्षद संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं भाग गेला पाहिजे. बेरीज ८७ = ३ × २९. प्रश्न ७ मधल्या अवयवांत २९ नाही. म्हणून हर्षदही नाही.

तिसरा प्रकार स्वयंभू संख्या, ज्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. २१ मध्ये तिचे अंक मिळवा, २१ + २ + १ = २४. तर २१ ही २४ ची जननी. जिला अशी जननीच नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येची जननी मी कागदावर शोधली. शेवटचे तीन अंक सोडून बाकी अंकांची बेरीज ७५ आहे, त्यामुळे फार चाचपडावं लागत नाही. १८४४६७४४०७३७०९५५१५३१ च्या अंकांची बेरीज ८४, आणि दोन्ही मिळून बरोबर आपली संख्या. म्हणजे इथेही नापास. तीनही परीक्षांत ती नापास झाली, पण पटाची घरं ६४, ती संख्या मात्र अस्सल स्वयंभू आहे.

१३. काशीच्या देवळात ६४ सोन्याच्या चकत्या हलवताहेत, ते संपलं की जग बुडणार. हे खरं का?

काशीत असं काही नाही. ही कथा १८८३-८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये रचली गेली. एदुआर ल्युका या गणितीनं तीन खुंट्या आणि चकत्यांचं खेळणं ‘क्लाउस’ या नावानं बाजारात आणलं. त्या नावाची रोमन अक्षरं (Claus) उलटसुलट केली की Lucas, म्हणजे ‘ल्युका’ होतं. ब्राह्मण, हिऱ्याच्या सुया, सोन्याच्या चकत्या हा सगळा जाहिरातीचा साज.

गणित मात्र सच्चं आहे. सगळ्यात खालची चकती हलवायला वरच्या सगळ्या आधी दुसरीकडे न्याव्या लागतात आणि नंतर परत आणाव्या लागतात. म्हणजे चकती वाढली की चाली दुप्पट अधिक एक: १, ३, ७, १५. प्रश्न ३ मधलीच मालिका. चौसष्ट चकत्यांना २^६४ − १ चाली. सेकंदाला एक चाल, एकही चूक नाही, झोप नाही, तरी ५८,४५४ कोटी वर्षं. विश्वाचं आजवरचं वय १,३८० कोटी वर्षं. त्याच्या ४२ पट. घाबरू नका.

१४. मोबाइलमध्ये ‘शिल्लक जागा १८४४६७४४०७३७०९५५१६१५’ असं दिसलं. फोन बिघडला का?

एका ताईंनी असाच स्क्रीनशॉट पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘सर, लॉटरी लागली की व्हायरस?’ दोन्ही नाही. तो ‘उणे एक’ आहे.

संगणकातलं मोठं खातं ६४ बिटांचं. सगळे बिट १ झाले की ही संख्या. द्विमान पद्धतीत ती म्हणजे ओळीनं चौसष्ट एक, सोळाच्या पद्धतीत ओळीनं सोळा ‘एफ’. यापुढे जागा नाही. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवा. ९९९९९ नंतर ०००००. आता काटा शून्यावर असताना एक किलोमीटर मागे फिरवला तर? ९९९९९ दिसेल. तसंच, शून्यातून एक वजा झाला आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं उणे चिन्हाची सोय ठेवली नसली तर पडद्यावर पटावरचे सगळे दाणे येतात. अॅपचा दोष, फोनचा नाही. अपडेट करा.

उणे चिन्हाची सोय ठेवली तर एक बिट त्यात जातो आणि मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ वर येते, म्हणजे ६३ घरांची बेरीज.

१५. एक्सेलमध्ये ही संख्या टाकली की शेवटी शून्यं का येतात?

एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. हातानं टाइप केली तर पुढचे अंक सरळ कापून १८४४६७४४०७३७०९५००००० होतं. सूत्र लिहून २^६४ − १ काढलं तर पूर्णांकित होऊन १८४४६७४४०७३७०९६००००० दिसतं. एकच संख्या, दोन उत्तरं, दोन्ही चूक! त्यातही सूत्रातला ‘वजा १’ वाटेतच विरतो, कारण तिथे संख्येचे ५३ बिटच अचूक राहतात. पायथॉनमध्ये करा, तिथे वीसही अंक जसेच्या तसे येतात.

१६. एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज कंपास-पट्टीनं काढता येईल का? अवयव तर गाउसच्या यादीतले दिसतात.

जवळजवळ, पण नाही. १७९६ मध्ये गाउसनं १७ बाजूंचा काढता येतो हे दाखवलं. नियम असा: विषम बाजूंचा बहुभुज हवा तर बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार पाहिजे. आपल्या सातांपैकी पाच तशा आहेत, पण ६४१ आणि ६७००४१७ तशा नाहीत. ते दोघं मोडता घालतात.

अर्ध्या पटावर थांबा. पहिल्या ३२ घरांची बेरीज ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. एवढ्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंचा काढता येण्यासारखा माहीत असलेला सगळ्यात मोठा बहुभुज हाच. फर्माची सहावी मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही. ‘तत्त्वतः’ म्हटलं, कारण नुसत्या ६५५३७ बाजूंच्या रचनेवर हर्मिस नावाच्या जर्मन गणितीनं दहा वर्षं घालवली. ते बाड गॉटिंगनला ठेवलेलं आहे.

१७. दोन पट जोडून १२८ घरं केली तर दाणे दुप्पट होतील ना?

नाही. दुसऱ्या पटाच्या पहिल्याच घरात २^६४ दाणे, म्हणजे अख्ख्या पहिल्या पटापेक्षा एक जास्त (प्रश्न ३). एकूण बेरीज (२^६४ − १)(२^६४ + १), एकोणचाळीस अंकी. आपले सातही अवयव तिच्यात येतात आणि भर पडते ती दुसऱ्या कंसाची. तो कंसही फर्माचीच संख्या आहे आणि तीही मूळ नाही: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. म्हणजे नऊ अवयव, ५१२ विभाजक. हे दोन अवयव लँड्री या फ्रेंच माणसानं १८८० मध्ये काढून छापले, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता.